सहा पुरत नव्हत्या म्हणे!

जरा जवळ या आणि आवाज खाली ठेवा, प्रकरण नाजूक आहे. चांगल्या घरातली, शिकली-सवरलेली, हप्ते वेळेवर भरणारी माणसं बारा तारांच्या गिटारच्या नादी लागतायत. घरात गिटार नाही म्हणून हे करतात, असंही नाही हो! भिंतीला टेकून सहा तारांची एक गुणी गिटार उभी असते. दोन मिनिटांत सुरात लागते, सहलीला चला म्हटलं की निघते, कधी तक्रार नाही. आणि तरीही एका संध्याकाळी हे गृहस्थ पाठीवर लांबलचक पिशवी लटकवून दबकत घरात शिरतात. पिशवीत काय आहे? ‘गिटारच आहे.’ मग घरात आहे ती? ‘ही जरा वेगळी आहे.’ वेगळी म्हणजे दुप्पट! बायकाही काही मागे नाहीत बरं. मेलिसा एथरिज इतकी वर्षं भर स्टेजवर बारा तारा गळ्यात घालून उभी राहते, कुणाची भीड नाही.

आता हिचं स्थळ कसं आहे ते सांगते, म्हणजे माझा जीव का जळतो ते कळेल. डोकं हे एवढं लांब, त्यावर बारा खुंट्या. हात सोडला की मान जमिनीकडे झुकते. तारा बारा, पण दोन-दोन इतक्या चिकटून बसवलेल्या की एका बोटाखाली जोडी दाबली जाते. वरच्या दोन जोड्या एकाच स्वरात, तंबोऱ्याच्या जोडाप्रमाणे. तिथवर सगळं सोज्वळ. खालच्या चार जोड्यांत मात्र उघडउघड विजोड संसार: एक जाड, खर्जात बोलणारी, आणि तिला खेटून एक सडपातळ, बरोबर एक सप्तक वर बोलणारी. त्यात ‘जी’च्या जोडीतली बारकी तार तर काही विचारू नका. बसलीय मधोमध, पण आवाज सगळ्यांत उंच. जिला आपण वरची तार म्हणतो त्या ‘ई’च्याही वर! जाडी एक पंचमांश मिलिमीटर, आणि आधी तुटायचा मान बहुतेक तिचाच. जाणकार मंडळी तिला सुरात लावताना तोंड बाजूला धरतात, ते काही लाजून नव्हे.

ओढ किती, तर साध्या गिटारवर सगळ्या तारांची मिळून सत्तरेक किलो. हिच्यावर शंभराच्या पुष्कळ वर. लाकूड ते लाकूड, किती सोसणार? पोट फुगतं, घोडी उचकटते, मान वाकते. म्हणून शहाणे लोक सगळ्या तारा एक स्वर खाली उतरवून ठेवतात आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावून पुन्हा होत्या तिथे आणतात. आधी उतरवायचं, मग चढवायचं! मुंबईच्या जुलैत तर लाकूड दमट हवा पितं, पोलाद गंजतं आणि गंजलेला सेट बदलायचा म्हणजे डझनभर तारा. पगार बाराच्या भावात जातो तो असा.

सूर लावण्यातच आयुष्य निघून जातं, ही बोंब काही आजची नाही. जोडतारांच्या वाद्यांची बदनामी जुनीच. जर्मनीतल्या योहान माथेसननं १७१३ सालीच ल्यूटवाल्यांची टर उडवली होती. ल्यूटवादक ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ त्यानं सूर लावण्यातच घालवलेली असणार, असा त्याचा हिशेब. तीनशे वर्षं उलटली, लोकांनी बोध घेतला का? छे! ट्यूनर विकत घेतला.

खानदानाची चौकशी केली तर तिथंही कुजबुज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू जर्सीच्या जर्सी सिटीत ऑस्कर श्मिट नावाची कंपनी ‘स्टेला’ छापाची स्वस्त गिटार करायची. तिच्या बारा तारांच्या गिटार रस्त्यावर, बाजारात, नाचाच्या अड्ड्यांवर वाजू लागल्या. कारण सरळ होतं: माइक नाही, अँप नाही, गर्दी मोठी. बारा तारांना आवाज जास्त. जॉर्जियातला दृष्टिहीन गायक ब्लाइंड विली मॅकटेल आणि अटलांटाचा बार्बेक्यू बॉब, दोघांनीही १९२७ मध्ये पहिल्या रेकॉर्डी केल्या त्या बारा तारांवर.

आणि मग लेड बेली! खरं नाव ह्यूडी लेडबेटर, गाव लुइझियानात, आणि स्वतःला बारा तारांचा राजा म्हणवून घ्यायचा. खुनाच्या आरोपात टेक्ससच्या तुरुंगात गेला. तिथं गव्हर्नर पॅट नेफ यांच्यासमोर सुटकेची विनवणी करणारं गाणं गायला आणि १९२५ मध्ये माफी मिळवून बाहेर आला. पुढे खुनी हल्ल्यासाठी लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात. १९३३ मध्ये लोकगीतं गोळा करत फिरणारे जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स हे बापलेक तिथं पोचले, त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि १९३४ मध्ये तो सुटला. गाण्यानं दुसऱ्यांदा तुरुंगाचं दार उघडलं, अशी आवई लगेच उठली. सरकारी म्हणणं असं की चांगल्या वर्तणुकीची नेहमीची सूट मिळाली, बाकी काही नाही. पण चर्चेत सरकारी म्हणण्याला कोण विचारतो? ऐकणाऱ्यांना एवढंच कळलं की या गिटारमध्ये काहीतरी आहे. तो तारा नेहमीच्या गिटारपेक्षा पुष्कळ खाली उतरवायचा. त्याचा खर्ज गडगडायचा आणि वर बारक्या तारा आपला वेगळाच सूर लावून बसायच्या. पीट सीगरसारख्या सभ्य बॅंजोवाल्यालाही ही बाधा झाली. त्यानं पुढे लेड बेलीच्या पद्धतीनं बारा तारा कशा वाजवायच्या याची चक्क शिकवणी रेकॉर्डवर काढली. एकटं बिघडायचं सोडून शिकवण्या घेतो म्हणजे काय!

मग लोण आवरेना. १९६३ च्या सुरुवातीला रूफटॉप सिंगर्सचं ‘वॉक राइट इन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, बारा तारा झणझणवत. १९६४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला आलेल्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात रिकनबॅकरची विजेवरची बारातारी पडली, आणि तिकडून बर्ड्‌सच्या रॉजर मॅकग्विनला लागण झाली. १९६९ मध्ये लिओ कॉटकीनं नुसत्या सहा आणि बारा तारांवर अख्खी रेकॉर्ड काढली, साथीला कुणी नाही. त्याच वर्षी डेव्हिड बोवी ‘स्पेस ऑडिटी’त बारा तारा घेऊन अंतराळात निघाला. १९७५ मध्ये पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’मध्ये डेव्हिड गिल्मोरनं कहर केला. बारा तारांची धून जुन्या रेडिओतून आल्यासारखी बारीक करून टाकली आणि मग सहा तारांची गिटार तिच्याशी बोलायला आणून बसवली. दोघी एकाच गाण्यात! आणि १९७६ चं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’? त्याच्या सुरुवातीच्या धूनमागे हीच बारातारी, सातव्या पडद्यावर कॅपो लावून. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलं ती धून सहा तारांवर जिवाच्या आकांतानं वाजवतात, सगळे स्वर बरोबर येतात, तरी काहीतरी उणं राहतं. ते उणं म्हणजे उरलेल्या सहा तारा. ती धून बांधणारा डॉन फेल्डर मैफलीत या गाण्याला दोन मानांची गिटार घेऊन उभा राहतो, एक मान बारांची, एक सहांची. एका धडाला दोन माना, आणि टाळ्या पडतात!

हे सगळं सातासमुद्रापार, असं म्हणून सुस्कारा सोडू नका. आपल्या शेजारी गोव्यात सोनिया शिरसाट फादो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीची गाणी, गातात. त्या गाण्याचं हक्काचं वाद्य म्हणजे पोर्तुगीज गिटार, पोटानं गोलसर. तारा मोजा: पोलादी, बारा, सहा जोड्या, त्यातल्या खालच्या तीन पुन्हा सप्तकाच्या फरकानं विजोड. चुलत घराणं, पण खोड तीच.

आता तुम्ही विचाराल, एवढे ताप असून माणसं भुलतात कशाला? मी चौकशी केली. भानगडीचं मूळ असं की जोडीतल्या दोन तारांचं पुरतं कधी पटतच नाही. एक सेकंदाला ४४० वेळा कंपते आणि दुसरी ४४१, तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. अशा प्रत्येक जोडीची लाट निराळी, वेग निराळा. शिवाय नेहमीच्या बारातारीवर हात वरून खाली आला की आधी लागते बारकी तार, मागोमाग जाड; ध्वनीच्या पुढे एक चमक धावते. रिकनबॅकरवाल्यांनी हा क्रम उलटा केला, म्हणून त्यांची ठेवणच वेगळी. आवाजातला तो झळाळ म्हणतात ना, तो या किंचित बेबनावाचा. यंत्रानं सगळ्या जोड्या हुबेहूब सारख्या केल्या असत्या तर हा झळाळच मेला असता. म्हणजे ट्यूनर घेऊन अर्धा तास खुंट्या पिळायच्या, आणि मग जे थोडं चुकलेलं राहतं त्यावर जीव टाकायचा. याला काय म्हणावं!

आणि खरा अनर्थ पुढेच आहे. बारा तारांवर चपळाई चालत नाही. तार खेचून स्वर वळवायचा तर एका बोटानं दोन खेचाव्या लागतात. बार कॉर्ड धरली की मनगट रडकुंडीला येतं. जलद ताना गुंत्यात सापडतात. त्यामुळे सहा तारांवर वर्षभर जो पोरगा वेग वेग करून शेजाऱ्यांचं डोकं उठवत होता, तो हिच्या हाती सापडला की एक कॉर्ड छेडतो आणि थांबतो. थांबतो म्हणजे ऐकतो! ती विरेपर्यंत दुसरी वाजवत नाही. मला वाटलं होतं आळस असेल, रियाजाशिवाय मिळालेली श्रीमंती असेल. थोडी आहेही. पण वाजवणाऱ्याला कमी वाजवायला लावणारं वाद्य म्हणजे गिटारवाल्यांच्या जगात बंडच की हो! सहा तारांवर माणूस स्वतःला ऐकवतो, बारांवर तो गिटारला ऐकत बसतो. नाद लागतो तो याचाच.

तेव्हा घरात कुणी ‘आधीची विकणार नाही, दोन्ही राहतील’ असं म्हणायला लागलं, तर विरोधात शक्ती घालवू नका, उपयोग नाही. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेल ठेवायला लावा, ‘जी’च्या बारक्या तारा चार जास्तीच्या आणवून घ्या, आणि सूर लावायला गच्चीवर पाठवा. मात्र अशा घरी चहाला गेलात आणि यजमानांनी गोड बोलून ‘एकदा फक्त जी कॉर्ड वाजवून बघा’ म्हणत ती तुमच्या मांडीवर ठेवली, तर हातात कपबशी आहे असं सांगा. आजच्या चर्चेतल्या अर्ध्या मंडळींनी सुरुवातीला ती एकच कॉर्ड वाजवून बघितली होती म्हणे.