पट्टामीमांसा

हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्ट्यावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ झालेला नाही. झाला असलाच तर तो चंद्रपूरपर्यंत पोहोचलेला नाही. ही उणीव खटकण्यासारखी आहे. बल्लारपूरचा कागद, घुग्घुस-माजरीचा कोळसा, गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट, भद्रावतीची आयुध निर्माणी, २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र आणि वैनगंगेपलीकडे एटापल्लीच्या डोंगरात सुरजागडचे लोहखनिज, एवढ्या ठिकाणी दर पाळीला ज्या हनुवट्या या पट्ट्याच्या संपर्कात येतात, किंवा यायला हव्यात, त्यांचा विचार कोणीतरी करायलाच हवा होता. प्रस्तुत लेखाचा विषय तो पट्टा एवढाच. त्याच्या वरचे हेल्मेट आणि हेल्मेटखालचे डोके प्रसंगोपात्त येतील.

या शास्त्राचा विद्यार्थी म्हणजे नवा सेफ्टी ट्रेनी. तो येतो तेव्हा त्याच्या मनात फार मोठ्या गोष्टी असतात. औद्योगिक सुरक्षेच्या वर्षभराच्या पदविकेत त्याने १९४८चा कारखाने कायदा वाचलेला असतो. त्यात १९७६च्या दुरुस्तीने आलेले कलम ४०-ब त्याला तोंडपाठ असते, कारण हजार किंवा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी नेमा असे सांगणारे ते कलम म्हणजे, २०२५मध्ये नवी संहिता लागू होईपर्यंत, त्याचे पोटापाण्याचे कलम होते. बॉयलर का फुटतो, वायू कसा साचतो, २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ माणसे कशी गेली, हे सगळे त्याने आकृत्या काढून लिहिलेले असते. पहिल्या दिवशी वरिष्ठ त्याच्या हातात एक रजिस्टर ठेवतात आणि म्हणतात, "गेटवर उभा राहा अन् पट्टे बघ."

काही ट्रेनी याला अपमान समजतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ती दीक्षा होय.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात माणसांचे बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. गेटवर काही दिवस काढलेल्या ट्रेनीला हेच चारही सापडतात, क्रम तेवढा उलटा लागतो. पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला तो बद्ध, आणि तो इथे सर्वांत वरचा. हा बहुधा नवखा असतो. नाहीतर कधीतरी त्याच्या डोळ्यांदेखत वरून काहीतरी खाली आलेले असते. पट्टा कानाशी लोंबतो आहे, पण सेफ्टीवाला दिसताच हात आपोआप तिकडे जातो, तो मुमुक्षू. याची संख्या सर्वांत मोठी. पट्टा उचलून हेल्मेटच्या कडेवर टाकलेला आणि तो मुंडावळ्यांसारखा मिरवणारा, तो साधक. आणि हेल्मेट मोटारसायकलच्या आरशाला अडकवता यावे एवढ्यासाठीच पट्ट्याची निर्मिती झाली आहे अशी ज्याची पक्की खात्री पटली, तो सिद्ध. सिद्धाला काही सांगायला जाऊ नये. तोच तुम्हाला सांगतो.

मुमुक्षूचा अभ्यास सर्वांत अवघड, कारण तो पाहणाऱ्यासमोर बद्धच असतो. नियम असा दिसतो की सेफ्टीवाल्याच्या हेल्मेटचा रंग जितक्या लांबून ओळखू येतो, तितक्या अंतरावर पट्टा लागतो. हा रंग बऱ्याच ठिकाणी हिरवा असतो. त्यामुळे हिरवे हेल्मेट घालून फिरणाऱ्या ट्रेनीला सगळा कारखाना आयुष्यभर पट्टा लावलेलाच दिसू शकतो, आणि त्याची रजिस्टरे तशीच भरली जातात. निसर्गाने यावर थोडा इलाज ठेवला आहे. चंद्रपूरच्या एका उन्हाळ्यात तो हिरवा इतका विटतो, की ट्रेनी अगदी जवळ येईपर्यंत कोणी त्याला ओळखत नाही. खरी निरीक्षणे जूननंतरचीच धरावीत.

नजरेआड काय घडले याचा पुरावा पाळी सुटताना चेहऱ्यावर मिळतो. कोळशातून आलेल्या बद्धाच्या गालावरून हनुवटीकडे एक उजळ रेघ उतरलेली असते. सिमेंटमध्ये चेहरा राखाडी होतो आणि रेघ सावळी उरते. दुसरा पुरावा खुद्द पट्ट्यावर. मे महिन्यात इथला पारा ४७-४८ अंशांना भिडतो. पट्टा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो आणि त्यावर मिठाची पांढरी कड धरते. कड नसलेला पट्टा म्हणजे न लावलेला पट्टा. घरून मिठाच्या पाण्यात पट्टा बुडवून आणणारा कोणी अजून आढळलेला नाही. पण शास्त्र पुढे सरकले की तोही येईल.

याच उन्हाळ्यातून पूर्वपक्ष उभा राहतो. "साहेब, पट्टा लावला का गळ्याले घामोळ्या येतेत." या आक्षेपाचे खंडन कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि ट्रेनीला ते सुचतही नाही, कारण त्याचा स्वतःचा हात त्या वेळी हनुवटीखाली खाजवत असतो.

इतिहास थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड कंपनीने कॅनव्हास, सरस आणि काळा रंग यांची कडक टोपी बाजारात आणली. हेल्मेटची वंशावळ सहसा तिथून सांगतात. दुसरी शाखा अधिक रंजक आहे. व्यवस्थापनशास्त्राचे आचार्य पीटर ड्रकर यांनी हेल्मेटचे श्रेय चक्क फ्रान्झ काफ्काला दिले. काफ्का १९०८पासून प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता, आणि रंधा मारणाऱ्या यंत्रात बोटे कशी जातात यावर त्याने चित्रांसह टिपण लिहिले, एवढे पक्के आहे. टोपीचा पुरावा मात्र कोणाला मिळालेला नाही. तरीही ट्रेनीने ही कथा मनातल्या मनात खरी मानावी, अशी शिफारस आहे. अपघाताचे अर्ज भरून घरी गेल्यावर ज्याने तसल्या कथा लिहिल्या, तो कधीतरी नक्की गेटवर पट्टे बघत उभा राहिला असणार.

पट्ट्याचे काम काय, यावर वाद नाही. माणूस घसरला तर टोपी आणि डोके बरोबर खाली यावे, टोपी आधी आणि डोके मागाहून असे होऊ नये. वाद पुढे आहे. युरोपचे ईएन ३९७ हे मानक सांगते की कारखान्यातल्या हेल्मेटचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढीला सुटलाच पाहिजे. पंधरा-पंचवीस किलोचे ओझे लटकले तर तो सुटावा, कुठेतरी अडकून माणसाच्या गळ्याला फास बसू नये. गिर्यारोहकांच्या हेल्मेटचे ईएन १२४९२ मात्र ५०० न्यूटनपर्यंत तो टिकलाच पाहिजे म्हणते. म्हणजे पट्टा कधी सुटावा यावर विद्वानांत मतभेद आहेत. मुळात लावावा की नाही, यावर नाहीत. सिद्ध मंडळी या संपूर्ण वाङ्मयातला "सुटलाच पाहिजे" एवढाच भाग प्रमाण मानतात.

आता या शास्त्रातले सर्वांत गहन प्रकरण. पट्ट्यांत मुरलेल्या ट्रेनीला काही महिन्यांनी धोक्यांची नोंदवही भरायला देतात. तिच्यात पाच उभ्या आणि पाच आडव्या घरांचा तक्ता असतो. घटना किती वेळा घडेल याला १ ते ५ गुण, घडली तर किती बिघडेल याला १ ते ५ गुण, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे जोखीम. २५ आले तर लाल, १ आला तर हिरवे. चंद्रपूरचा ट्रेनी इमानदार असेल तर तो एका ओळीत वाघ लिहितो. कारखान्याच्या कुंपणाआत वाघ येणे क्वचित, म्हणून १. आला तर जीव जाईल, म्हणून ५. गुणाकार ५. पुढच्या ओळीत न लावलेला पट्टा. रोजचेच, म्हणून ५. बहुधा कोणाला काही होत नाही, म्हणून १. गुणाकार ५.

अशा रीतीने वाघ आणि पट्टा एकाच रंगाच्या घरात शेजारी बसले. एका ट्रेनीने हा तक्ता सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला, तेव्हा मागून एक जुना फिटर म्हणाला, "मंग वाघालेच पट्टा लावा ना साहेब." थोडे थांबून त्यानेच भाष्य जोडले, "फारेस्टवाले लावतेतच म्हना. अन् थो काढत बी नाही."

हे भाष्य तपासून पाहता अचूक आहे. मे २०२३मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यातून दोन वाघिणी नागझिऱ्यात नेऊन सोडल्या, त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होत्या. पट्टा लावण्याच्या शिस्तीत चंद्रपूरची वाघीण चंद्रपूरच्या मुमुक्षूच्या कितीतरी पुढे आहे, एवढे शास्त्राला मान्य करावे लागते.

फिटरने जे एका वाक्यात सांगितले ते अमेरिकेतले जोखीमतज्ज्ञ टोनी कॉक्स यांनी २००८मध्ये एका शोधनिबंधात गणिताने मांडले: असले तक्ते अगदी निराळे धोके एकाच घरात कोंबतात, कधी तर लहान धोक्याला मोठ्याच्या वर बसवतात. या तक्त्यात आणखी एक गोम आहे, ती निबंध न वाचताही कळते. "क्वचित" हा १ कोणी, कुठे बसून भरला? फेब्रुवारी २०२२मध्ये महाऔष्णिक केंद्राच्या परिसरात रात्री कामावरून परतणाऱ्या एका कामगाराला वाघाने मारले. दुसऱ्याच दिवशी लगतच्या दुर्गापुरात बिबट्याने एक मुलगा नेला. त्या रस्त्याने सायकलवर घरी जाणाऱ्या माणसाने तक्ता भरला असता, तर त्या ओळीत १ आला नसता.

आणि कागदावर न भरताही तो माणूस हा तक्ता रोज भरतच असतो. जो साधक पट्टा टोपीवर टाकून मिरवतो, त्याची आई मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला एकटी जात नाही. उजाडल्याशिवाय निघत नाही. दोघी-तिघी मिळून जातात, वेचताना मोठ्याने बोलत राहतात, एकीची नजर झुडपाकडे असते. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे तिला कोणी प्रशिक्षण केंद्रात शिकवलेले नाही. तेंदूपत्त्याचे तेच: सत्तर पानांचा एक पुडा, पुड्यामागे मोजका दर, आणि ऊन चढण्याआधी जंगलातून बाहेर. सुंदरबनात १९८६मध्ये जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधायला दिला होता, कारण वाघ पाठीमागून झडप घालतो. तो मुखवटाही पट्ट्यानेच बांधत, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

येथे प्रतिपक्ष विचारील: मग हाच माणूस कारखान्यात पट्टा का लावत नाही? उत्तर शोधायला ट्रेनीने पदविकेच्या वहीतले आणखी एक पान उघडावे. धोका आवरण्याच्या उपायांची एक उतरंड त्यात दिलेली असते. सर्वांत वर, धोकाच नाहीसा करा. ते न जमल्यास त्याच्या जागी कमी धोक्याचे काही आणा. मग यंत्राला जाळी, कुंपण, आडोसा. मग नियम, परमिट, फलक. आणि अगदी तळाला हेल्मेट, बूट, हातमोजे, पट्टा. पुस्तक बजावून सांगते की वरून खाली या. ट्रेनीला उमेदवारीच्या सगळ्या काळात तळालाच उभे केलेले असते.

याची कारणे शोधायला फार विद्वत्ता लागत नाही. कन्व्हेयरला जाळी बसवायची तर उत्पादन थांबवावे लागते. वाघ लपतो ती झुडपे काढायची, रस्त्यावर दिवे लावायचे, तर निविदा निघावी लागते. ठेकेदाराची माणसे सलग दोन पाळ्या का करतात हे विचारायचे, तर विचारणाऱ्याची नोकरी कायम असावी लागते. पट्ट्याला यातले काहीच लागत नाही. तो हेल्मेटबरोबर फुकट येतो, आणि काही झालेच तर चौकशी अहवालात पहिल्या ओळीत कामी येतो: सदर कामगाराने पट्टा लावलेला नव्हता. कारखान्यातली ही एकच वस्तू ट्रेनीच्या अधिकारात आहे. कामगारालाही हे कळते, म्हणून तो पट्टा ट्रेनीसाठी लावतो आणि ट्रेनी गेला की काढतो. आई जंगलात जे करते ते ती स्वतःसाठी करते.

उतरंडीची वरची पायरी कशी दिसते ते पाहायचे असेल, तर रजेच्या दिवशी ट्रेनीने गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला जावे. वनहक्क कायद्याने २०१२मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गाव स्वतः तोडते आणि विकते. तेंदूपत्ता हा या भागातला हमखास हंगामी पैसा. पण ग्रामसभेने बसून विचार केला की पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलात आगी लावल्या जातात, आणि पान शेवटी विडीत जाते. गावाने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. पाच बाय पाचचा तक्ता कोणी काढला नाही, घोषवाक्य स्पर्धा झाली नाही, सेफ्टी सप्ताहात गुलाबाचे फूल कोणाला दिले नाही. ज्यांना जंगलात जायचे होते आणि ज्यांना त्या पैशाची गरज होती, ती माणसे एकाच सतरंजीवर बसली होती.

एवढे पाहून आलेला ट्रेनी सोमवारी पुन्हा गेटवर उभा राहतो, कारण रजिस्टर भरायचे असते. त्यात शेरा लिहायला एक अरुंद रकाना असतो, आणि काही ट्रेनी त्यात पट्ट्याखेरीज भलतेच लिहू लागतात: तीन नंबरच्या शेडमागे दिवा नाही, अमुक माणूस काल रात्रीपासून इथेच आहे. वरिष्ठ असे शेरे वाचून विचारतात, "पट्ट्यांचं काय झालं?"

या मीमांसेत एक उपप्रश्न अनिर्णित राहिला आहे. दाट दाढीच्या माणसाचा पट्टा नेमका हनुवटीखाली असतो की दाढीखाली, हे बाहेरून ठरवता येत नाही. गालावरची रेघ तिथे उमटत नाही आणि मिठाची कड दाढीत जिरते. भद्रावतीच्या एका ट्रेनीने या विषयावर नोंदी ठेवायला सुरुवात केल्याचे कळते. सध्या त्याने स्वतःच दाढी वाढवली आहे.