निवृत्तीनंतरची केबिन

मिनेसोटात निवृत्त झालेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे थंडी पडायला लागली की बॅगा भरून फ्लोरिडा नाहीतर अ‍ॅरिझोना गाठायचं आणि एप्रिलात रापलेल्या तोंडाने परत यायचं. असल्या पळपुट्यांसाठी हे मार्गदर्शन नाही. ज्यांनी ऐन उमेदीत मुंबई-पुण्याहून येऊन मिनीअ‍ॅपोलिसच्या आसपास जन्मभर नोकरी केली, मुलं न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाला पांगल्यावर उत्तरेकडे तळ्याकाठी घर घेतलं आणि जे आता भर जानेवारीत सकाळी साडेसातला "आज काय करू?" असं बायकोला विचारतात, त्यांच्या सोयीसाठी, खरं तर त्यांच्या बायकांच्या सोयीसाठी, पुढील सूचना देत आहोत.

दिवसाचं पहिलं काम तापमान वाचण्याचं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थर्मामीटर लावलेला असतो. तो आपणच वाचायचा आणि आकडा घरात मोठ्याने जाहीर करायचा. बाहेर कोणी भेटलं तर 'काय, कसं काय' व्हायच्या आधी हा आकडा सांगावा लागतो. समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा दोन अंशांनी खाली असला तर मान तुकवायची, वाद घालायचा नाही. इथले लोक मुळातच कमी बोलणारे आणि कमी सांगणारे. राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत, पण मोटारींच्या नंबरप्लेटवर दहा हजारच लिहितात. आपल्याकडे असती तर वेशीवर पंधरा हजारांची कमान उभी राहिली असती.

पुण्याच्या मेहुण्याचा फोन आला की आकडा सेल्सिअसमध्ये सांगावा लागतो. फॅरनहाइटमधले उणे दहा म्हणजे त्याचे उणे तेवीस. त्यावर तो "इथेही यंदा फार गारठा आहे हो, नऊपर्यंत उतरलं" असं म्हणेल. म्हणू द्यावं. उणे चाळीसला मात्र दोन्ही मापं एकच होतात. तेवढी सकाळ उजाडली तर आपणहून फोन करावा. तेही नाही जमलं तर २ फेब्रुवारी १९९६ ला याच राज्यातल्या टॉवर गावी उणे साठ फॅरनहाइट झालं होतं, हे ऐकवावं. तेव्हा आपण टॉवरला होतो की नाही, हे कोणी विचारत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. निवृत्त माणसाचं खरं दुःख पगार थांबल्याचं नसतं. केबिन गेल्याचं असतं. खुर्ची, दार, दारावर नाव आणि आत बसून आपण नेमकं काय करतो हे बाहेरच्यांना न कळण्याची सोय, एवढं सगळं एका संध्याकाळी हार-नारळाच्या बदल्यात काढून घेतात. गोठलेलं तळं ही केबिन परत देतं. गळ टाकून मासे धरण्यासाठी बर्फावर जी लाकडी किंवा पत्र्याची खोली ओढून नेऊन ठेवतात, तिला इथे फिश हाउस म्हणतात. आत दोन खुर्च्या, गॅसचा हीटर, थर्मास, पत्त्यांचा जोड आणि जमिनीला भोक. ती रात्रभर तळ्यावर ठेवायची तर सरकारी परवाना लागतो. बाहेरच्या बाजूला मालकाचं नाव-पत्ता किंवा लायसन्सचा नंबर निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. म्हणजे पाटीसुद्धा आली, आणि तीही कायद्याने! शिवाय आत माणूस असताना दार बाहेरून सहज उघडता आलं पाहिजे, असा नियम आहे. आतून कडी घालण्याची चैन नाही. पण ती ऑफिसात तरी कुठे होती?

केबिनचा ताबा घेण्याआधी बर्फ मोजावा. नव्या, स्वच्छ, काळसर दिसणाऱ्या बर्फाचा सरकारी पत्रकातला हिशेब असा : पायी जायला चार इंच, स्नोमोबिलला पाच ते सात, लहान मोटारीला नऊ-दहा, मध्यम पिकअप ट्रकला तेरा. बर्फ पांढुरका असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे, कारण त्यात हवा आणि हिम मिसळलेलं असतं. याच पत्रकात, कितीही जाड झाला तरी बर्फ शंभर टक्के सुरक्षित कधीच नसतो, असंही स्पष्ट लिहिलेलं असतं. एखादा आकडा देऊन लगेच त्याची जबाबदारी नाकारण्याची ही शैली आपल्या ओळखीची आहे. प्रत्यक्षात गावातले जुने लोक पट्टीने मोजतात आणि शिवाय शेजाऱ्याचा ट्रक आधी जाऊ देतात. आपला ट्रक न्यायची पाळी आलीच तर सीटबेल्ट काढायचा आणि काचा खाली करायच्या. उणे वीसमध्ये काचा खाली करून दहाच्या वेगाने जाताना माणूस विचित्र दिसतो खरा, पण ते चेष्टेवारी नेऊ नये. पाण्यात गेलेल्या गाडीतून बाहेर पडण्याची वाट तीच. गॅसच्या हीटरबरोबर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवायचा, हेही त्याच जातीचं.

भोक पाडायला ऑगर लागतो. हल्ली बॅटरीवर चालणारा मिळतो आणि अर्ध्या मिनिटात काम होतं. म्हणूनच हाताने फिरवायचा घ्यावा. त्यात वीस मिनिटं जातात, घाम येतो, कोट काढावा लागतो, पुन्हा घालावा लागतो आणि अकरा वाजतात. भोकात बर्फाचा चुरा तरंगत राहतो, तो काढायला लांब दांड्याचा झारा विकत मिळतो. सौ.चा बुंदीचा झारा नेऊ नये. तो परत आला तरी स्वयंपाकघरात त्याला पुन्हा प्रवेश नाही.

हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात, उन्हाळ्यात एकच. दोन्ही टाकावेत. मग बसावं. गोडं पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड होतं आणि तळाशी बसतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि मासे खाली जगतात. वर उणे तेवीस, खाली अधिक चार. या व्यवहारात हुशार कोण, हा प्रश्न केबिनमध्ये काढू नये. मासा लागला तर तो बहुधा पर्च असतो. वॉलाय लागला तर तळ्यावर बातमी होते आणि लोक न विचारता दार उघडून डोकावतात (वर सांगितलेला नियम). शाकाहारी मंडळींनी मागे राहू नये. त्यांच्याइतका मासा न लागल्याचं समाधान मानणारा मच्छीमार दुसरा नाही. मासे धरण्याचा परवाना मात्र काढावा लागतो. नव्वदी पार केलेल्या रहिवाशांना तो माफ आहे; तोवर तुमचं येणं-जाणं चालूच राहणार, असं सरकारने गृहीत धरलेलं दिसतं.

संध्याकाळी तापमान झपाट्याने उतरलं की तळं आवाज करतं. बर्फ आकसतो, ताणतो, चिरतो, आणि लांबवर कोणी तोफ डागावी तसा धडाका एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पळत जातो. नवखा माणूस दाराकडे धावतो. मुरलेला माणूस पानं वाटत राहतो. आपण दाराकडे धावायचं, पण जाताना थर्मास उचलायचा, म्हणजे चहा आणायलाच निघालो होतो असं सांगता येतं.

केबिनमध्ये दुसऱ्या खुर्चीवर कोणाला बसवावं, हा नाजूक प्रश्न आहे. 'ग्रम्पी ओल्ड मेन' हा १९९३ चा सिनेमा याच राज्यातल्या वाबाशा गावच्या दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांवर आहे. दोघं बर्फावर मासे धरतात आणि एकमेकांचा वर्षानुवर्षं दुःस्वास करतात. असा शेजारी असेल तर उत्तमच, हिवाळा भुर्रकन जातो. पत्नीला मात्र आग्रहाने एकदा न्यावं. ती भोकाकडे, तुमच्याकडे, हीटरकडे पाहील, "बरं आहे" म्हणेल आणि पुन्हा येणार नाही. त्यानंतर घरात दुपारभर जी शांतता नांदते, तिचं श्रेय ती तुम्हाला कधीच देणार नाही, मागूही नये.

एक सूचना शेवटची आणि महत्त्वाची. ही नेमणूक हंगामी आहे. राज्याच्या दक्षिण भागात मार्चच्या पहिल्या सोमवारी आणि उत्तर भागात तिसऱ्या सोमवारी, रात्री बाराच्या आत, फिश हाउस तळ्यावरून हलवावं लागतं. मुदतवाढीचा अर्ज करू नका. त्याची गरजही नाही, कारण बर्फ टिकून असेल तर तारखेनंतरही दिवसा खुशाल वापरता येतं. मध्यरात्रीपासून सूर्योदयाच्या तासभर आधीपर्यंत मात्र ते बर्फावर ठेवायचं तर आत माणूस असलाच पाहिजे. तो जागा असला पाहिजे, असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही.