टीमनिशी स्केलिंगच्या परिषदेला जाणाऱ्यांसाठी सूचना

सॉफ्टवेअर बनवण्याची अजाइल पद्धत मोठ्या प्रमाणावर कशी राबवावी, यावरच्या परिषदेला जायचे ते परतल्यावर कंपनीत काहीही बदलू नये म्हणून. हे वाटते तितके सोपे नाही. क्रेग लारमन आणि बास व्होडे यांच्या ‘लेस’ पद्धतीच्या परिषदेत तर टीमनेच बसून शिकायचे असते, म्हणजे धोका जास्त. म्हणून रोज एकत्र काम करणारे पाच जण मुळीच पाठवू नयेत. ते परतीच्या गाडीतच काहीतरी ठरवून मोकळे होतील. पाच विभागांतून एकेक व्यवस्थापक उचलावा. रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेल्या फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा आणि आलेले अंगठे मोजावेत. २००१ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात ४ मूल्ये होती, पण नवे पदनाम एकही नव्हते. ही उणीव पुढच्यांनी भरून काढली. ‘सेफ’ पद्धतीत ५० ते १२५ माणसांच्या गटाला ट्रेन म्हणतात आणि तिला स्वतंत्र इंजिनिअरही असतो. इथे माना डोलवाव्यात. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, असे फ्रेड ब्रूक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे. त्याचे नाव चहाच्या वेळीही काढू नये.

नागपूर-मुंबई मार्गाने जाणाऱ्यांना आणखी एक पथ्य आहे: वाटेत शेगावला उतरू नये. तिथे गजानन महाराज संस्थान १९०८ पासून उभे आहे, आणि प्रकटदिनाची किंवा ऋषिपंचमीची गर्दी पाहिली तर परिषदेत सांगतात ते सगळे फिके पडण्याची भीती असते. सेवेकरी पाळीपाळीने येतात. कोणी पंगत वाढतो, कोणी चपला सांभाळतो, कोणी झाडतो, आणि समोर येईल त्याला ‘माउली’ म्हणतो. पान रिकामे झाले की नाही, हे वाढणाऱ्याला दिसते. त्यासाठी बैठक बोलवावी लागत नाही. गर्दी वाढली की तसेच आणखी हात लागतात. म्हणजे आधी काम असे तोडलेले आहे की लहान गटाने ते स्वतःच पुरे करावे. पसारा पेलतो तो त्यामुळे, वरून बसवलेल्या समन्वयकांमुळे नव्हे.

कोणी म्हणेल, ती भक्ती आहे, इथे पगार आहे. खरे आहे, पण हातातले काम स्वतः पुरे करायला भक्ती लागत नाही, वरच्याची परवानगी लागते, आणि ती पगारदारालाही देता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भात वाढणे चपलांच्या खिडकीवर अवलंबून नसते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र एका टीमचा कोड दुसऱ्या टीमच्या कोडमध्ये अडकलेला असतो. हा फरक नाकारून चालणार नाही. पण मग आधी हात घालायला हवा तो या गुंत्याला. ते काम महिनोन्‌महिने चालते, त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्यात दुपारचे जेवण धरलेले नसते. म्हणून त्याऐवजी परिषद भरवतात. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे, तेव्हा टीममध्ये तिथला कोणी निघालाच तर त्याला खिडकीपासून दूर बसवा. शेगावची कचोरी खायचीच झाली, तर डब्यात आलेलीच घ्या.