कौल, वानर आणि वारसाप्रेमी

मुंबईहून गोव्याकडे किंवा आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे निघालेल्यांच्या लेखी महाड म्हणजे रायगडाचा फाटा आणि पोलादपूर म्हणजे घाट चढण्यापूर्वीचा वडापाव. तथापि अलीकडे या दोन तालुक्यांत प्रवाशांची तिसरी जात आढळू लागली असून, जुने घर दिसताच गाडी थांबवणे, सागवानी खांबावर हात फिरवणे आणि ‘हे जपायला हवं’ असे घरमालकाला बजावून पुढे जाणे, ही तिची ठळक लक्षणे होत. 2011 पासून रुंदीकरण चाललेल्या महामार्गानेच ती येत असल्यामुळे दुरुस्तीकामांविषयीची तिची सहनशीलता मुक्कामी पोहोचेपर्यंत संपलेली असते, ही बाब पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी लागते.

महाडच्या वेशीवर, गांधारपाले येथील डोंगरात, बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली तिसाच्या आसपास लेणी महामार्गावरूनच दिसतात आणि त्यांतील एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने केलेल्या दानाची नोंद आहे. दानासोबत दात्याचे नाव कोरण्याची ही रीत परिसरात अद्याप खंडित झालेली नाही. ग्रामदेवतेच्या नव्या सभामंडपातील पंख्याचे पाते न् पाते तिची साक्ष देते. फरक इतकाच की विष्णुपालिताचे नाव इतक्या शतकांनंतरही वाचता येते, पंख्यावरच्या दात्याचे मात्र वीज गेल्यावरच. रायगड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव गडावरील जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर कोरवले, परंतु पायरीची ती जागा आता कोणी मागत नाही. मंडप नवा असण्याचे कारण असे की जीर्णोद्धार, म्हणजे जीर्ण वास्तू सावरण्याचे कार्य, येथे बहुधा जुने लाकडी देऊळ समूळ उतरवण्यापासून सुरू होते. शेणाच्या जमिनीच्या जागी फरशी आलेली पाहून प्रवासी हळहळतो. ती जमीन वर्षानुवर्षे सारवणाऱ्या बायका हळहळताना आढळत नाहीत.

प्रवाशाच्या मते कोकणी घराची खूण म्हणजे लाल मंगलोरी कौल. हे कौल मात्र परक्या वळणाचे आहे, कारण बासेल मिशनच्या धर्मप्रसारकांनी 1865 मध्ये मंगळूर येथे कारखाना काढून त्याचे उत्पादन आरंभले; त्यापूर्वी येथल्या घरांवर कुंभाराने घडवलेली नळीची, म्हणजे अर्ध्या नळीच्या आकाराची, बुटकी कौले असत आणि ज्यांना तीही परवडत नसत त्यांच्या घरांवर गवत असे. उतरवलेले मंगलोरी कौल उलटे करून त्यावरची माती खरवडली की कारखान्याचे नाव रोमन अक्षरांत उमटलेले दिसते. प्रवासी त्याचे छायाचित्र घेतो आणि खाली ‘अस्सल कोकण’ असे लिहितो.

या कौलांचा मुख्य समीक्षक वानर होय. आंब्यावरून फणसावर जाण्यासाठी वानरांची टोळी छपराचा उपयोग करते, त्यात पाच-पन्नास कौले फुटतात, पहिल्या पावसाची धार नेमकी भाताच्या कणगीवर पडते आणि पुढच्या उन्हाळ्यात घरावर पत्रा चढतो. निघालेली कौले व्यापारी शेकड्याच्या भावाने उचलतो आणि ती एखाद्या फार्महाऊसवर जातात. तेथे आधी सिमेंटचा उतरता स्लॅब ओतलेला असतो व कौले त्याच्यावर निव्वळ शोभेसाठी बसवली जातात. वानरे तेथेही येतात, परंतु तेथील मालक त्यांना निसर्ग म्हणतो.

महाडच्या बाजारपेठेत हा विनोद आवरता घ्यावा लागतो. 22 जुलै 2021 रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या पुराचे पाणी ज्यांच्या घरादारांत शिरले, त्यांनी मातीच्या भिंतीऐवजी सिमेंटची भिंत बांधली म्हणून त्यांना वारशाचे धडे देणे, हा आगाऊपणाच ठरतो.

पोलादपूरच्या गावांत गणेशोत्सवात रंगणारी जाखडी, म्हणजे पायांत चाळ बांधून, मध्ये बसलेल्या शाहीर व ढोलकीवाल्याभोवती फेर धरून केलेला नाच, हीदेखील प्रवाशाच्या टिपणवहीत असते. तिच्या शक्ती-तुरा या प्रकारात दोन पक्ष पुराणांतली कोडी एकमेकांना घालतात, आणि उत्तर सुचले नाही तर विचारणाऱ्याची यथेच्छ टिंगल करतात. चाल चित्रपटगीताची निघाली की प्रवाशाचा विरस होतो. नाचणारे बव्हंशी चाकरमानी, म्हणजे नोकरीनिमित्त मुंबईत राहणारे गावकरी असून, रजा जेमतेम असल्याने फुटक्या कौलाजागी हाताशी येईल ते कौल बसवावे तशी विसरलेल्या चालीच्या जागी हाताशी आलेली चाल ते बसवतात; नाच मात्र पहाटेपर्यंत थांबत नाही.

प्रवाशांपैकी काही जण अखेर येथेच जुने घर विकत घेतात आणि मग त्यांची गाठ शाकारणीशी पडते. पावसाळ्यापूर्वी छपरावरील कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा रचणे म्हणजे शाकारणी. ती दरवर्षी करावी लागते, ही माहिती खरेदीच्या वेळी कोणी दिलेली नसते. कौलाच्या मधोमध पाय न देता, जेथे खाली रीप, म्हणजे कौलांना आधार देणारी लाकडी पट्टी, असेल तेथेच भार टाकून चालणारा कसबी माणूस त्यासाठी लागतो. गावभर चौकशी केल्यावर कळते की तो माणूस मुलाकडे नालासोपाऱ्याला गेला आहे आणि त्याच्या स्वतःच्या घराला गेल्याच वर्षी स्लॅब पडला आहे. फोनवर तो सगळे शांतपणे ऐकून घेतो, मजुरी सांगतो, अक्षय्यतृतीयेनंतर येण्याचे कबूल करतो आणि मग विचारतो, ‘‘पन सायब, तुमी स्लॅपच का नाय टाकून घेत?’’