काऊन?

वऱ्हाडातल्या पोरांना 'का' पुरत नाही, त्यांना 'काऊन' लागतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या बापानं एकवेळ सोसायटीच्या वसुलीला तोंड द्यावं, पण पोराला घेऊन लोणारच्या काठावर उभं राहू नये.

"बाबा, हा खड्डा काऊन पडला?"

"उल्का पडली."

"मंग ते उल्का कुठी गेली?"

इथे बाप चष्मा पुसायला काढतो. समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, अन् पाडणारी फरार! धडकेच्या उष्णतेनं तिची बहुतेक वाफ झाली म्हणावं, तर 'वाफ काऊन झाली' हे तयारच असतं. तेव्हा शतकानुशतकं चालत आलेलं उत्तर: "तुया मायले इचार."

माय अशा भानगडीत पडत नाही. तिच्याकडे लवणासुर आहे. विष्णूनं त्याला इथं मारलं, म्हणून पाणी खारट. पुरावा म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळही उभं. विज्ञानाची इतकी चोख सोय नाही.

पोरगं मिनिटभर गार. मग, "२०२० च्या जूनमधी पानी गुलाबी काऊन झालं?"

मिठात वाढणारे सूक्ष्मजीव, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं. बाप सांगतो, "लाजलं ते."

"लॉकडाऊन होता नं? पाहाले कोनीच नोतं, त लाजलं काऊन?"

बाप मुकाट्यानं टपरीवरून कुरकुऱ्याचं पाकीट आणतो. तोंड भरलं की काऊन अडकतं.

"बाबा, याच्यात अर्धी हवाच काऊन भरतेत?"