सॅम्पल लहान आहे

"मुलगी काय करते?" या प्रश्नाला माझ्या बहिणीनं बरीच उत्तरं वापरून पाहिली आहेत. "संशोधन" म्हटलं की पाठोपाठ "कशावर?" येतं. "हार्मोन्सवर" म्हटलं की समोरच्या काकू पर्समधून थायरॉइडचा रिपोर्ट काढतात. पोरगी युगांडात किबालेच्या जंगलात चिंपांझींची लघवी गोळा करते, हे खरं उत्तर लग्नाच्या पंगतीत देता येत नाही. भाची स्वतः मात्र ते देते. तेही मठ्ठा वाढला जात असताना.

आणि एकदा सुरू झाली की थांबत नाही. चिंपांझी रात्री झाडावर फांद्या वाकवून घरटं करतो. सकाळी उठला की आधी मोकळा होतो. त्या वेळी ही बया खाली बेचकीच्या काठीला प्लास्टिकची पिशवी ताणून उभी. नेम चुकला तर पानांवरचे थेंब पिपेटनं टिपायचे, कुपीवर कोणाचं, किती वाजता ते लिहायचं आणि गोठवून टाकायचं. "म्हणजे कधी अंगावर...?" असं कुणी चाचरत विचारलंच तर शांतपणे म्हणते, "होतं ना. सॅम्पल फुकट जातं तेव्हा." तिला वाईट वाटतं ते सॅम्पलचं!

असं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं. इन्कम टॅक्समधले काका मांडव बघून खर्चाचा आकडा काढतात. दातांचा डॉक्टर जावई तुम्ही हसलात की दाढा मोजतो. आमची भाची सुट्टीवर आली की दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघते आणि कोण कोणाशेजारी बसलंय यावर नजर फिरवते. जंगलातली सवय. साधी शिंक आली तरी मास्क चढवते, कारण माणसाची सर्दी चिंपांझीच्या जिवावर बेतू शकते. पहिल्यांदा तिला तशी पाहिली तेव्हा माझ्या आईनं टीबीच धरला होता. खरं कारण कळल्यावर म्हणाली, "माकडांना एवढं जपतेस?" "आजी, शेपूट नसतं त्यांना." हे वाक्य ती दिवसातून अनेकदा म्हणते आणि कधी आवाज चढवत नाही. किबालेतल्या चिंपांझींच्या आया, मावश्या, भाचरं तिला तोंडपाठ. सख्ख्या मावसभावाच्या मुलाला मात्र "हा कोण?" विचारते.

तिचा खरा दुर्गुण वेगळाच आहे. छान गोष्ट हातावर ठेवते आणि आपण तोंडाशी नेईपर्यंत काढून घेते. बुडोंगोच्या जंगलात म्हणे असं दिसलं, की जिवलग दोस्तानं अंगावरचे केस विंचरले तर चिंपांझीचं ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याचं हार्मोन, वाढतं, ऐऱ्यागैऱ्यानं विंचरले तर नाही. घास वाटून खाल्ला तर त्याहून जास्त. आईचा चेहरा उजळला. "मी दुसरं काय सांगत होते? ये इकडे, तेल लावते. आणि आज सगळे एकत्र जेवायला बसा." भाची डोकं तेलाला देत म्हणाली, "आजी, सॅम्पल लहान आहे."

मोठ्या भावाच्या बाबतीत तिनं जे केलं, ते मला अजून निस्तरावं लागतंय. काँगोतल्या बोनोबोंमध्ये, म्हणजे चिंपांझींच्या जवळच्या नातलगांमध्ये, धाकटं भावंड जन्मलं, की थोरल्याच्या लघवीतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, पाचपट होतं आणि सुमारे सात महिने चढलेलंच राहतं. थोरलं अजून लहानगं असो की चांगलं सात-आठ वर्षांचं, फरक नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या थोरल्या भावानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "सातच महिने?" म्हणाला.

ओरांगउटानच्या वेळी सगळी पंगत एकाच दिशेला वळली. त्यांच्यात प्रौढ नर दोन तऱ्हांचे. एकाच्या गालांना रुंद पाळ्या, गळ्याला पिशवी आणि किलोमीटरभर ऐकू जाणारी आरोळी. दुसरा वयात आलेला, बाप व्हायलाही समर्थ, पण अंगानं पोरगेलाच. जवळपास कुणी दांडगा गालवाला असेल तर हा वर्षानुवर्षं, कधी दहा वर्षांहून जास्त, तसाच राहू शकतो. आमचा आत्तेभाऊ चाळिशी ओलांडून अजून "बाबांना विचारून सांगतो" म्हणतो. बाबांच्या आवाजाबद्दल मी काही लिहीत नाही.

मला त्याची कीव आली. केवढ्या दडपणाखाली जगत असेल बिचारा! तर भाची म्हणाली, उलट आहे मामा. प्राणीसंग्रहालयातल्या नरांच्या लघवीत ताणाची हार्मोन्स चढलेली सापडली ती मोठं व्हायला लागलेल्यांची. थांबलेले निवांत होते. चिंपांझींचंही बघ, टोळीतल्या सगळ्यात वरच्या नराचं टेस्टोस्टेरॉन जास्त, पण कॉर्टिसोलही जास्त. आत्तेभावानं हे नीट ऐकून घेतलं आणि आणखी एक जिलबी मागितली.

बोनोबोंच्या आयांचं मात्र तिनं स्वतःच्या आईला सांगायला नको होतं. 2019 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे: ज्या बोनोबो नराची आई त्याच टोळीत असते, त्याला पिल्लं होण्याची शक्यता आई नसलेल्याच्या सुमारे तिप्पट. आई रीतसर मध्ये पडते. आपल्या मुलाला मादीच्या जवळपास ठेवते, दुसरे नर आले तर हुसकावते. माझ्या बहिणीचा मुलगा बंगळुरूला असतो, तेहतिशीचा आहे, आणि स्थळाचा विषय निघाला की "आई, तू यात पडू नकोस" म्हणून फोन ठेवतो.

"तिप्पट?" बहिणीनं पुन्हा विचारलं. "हे छापून आलंय?"

भाचीला धोका उशिरा कळला. "आई, थांब. चिंपांझींमध्ये असं काही आढळत नाही! तिथे आई असली-नसली तरी..."

"आपण काय चिंपांझी आहोत?" बहीण म्हणाली आणि मला बंगळुरूच्या गाडीचं तिकीट बघायला सांगितलं. खालचा बर्थ.