परंपरा कायम

नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिका सिस्टरांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्या तळहातावर एक किल्ली ठेवली. मला वाटलं, स्टाफरूममधलं कपाट मिळालं. साल १९९४. वाईहून वसईला आलेल्या नव्या मास्तराला कपाट मिळणं म्हणजे निम्मी नोकरी पक्की झाल्यासारखंच. पण किल्ली कपाटाची नव्हती. दर्शनी व्हरांड्यात मरियामातेच्या पुतळ्याशेजारी भिंतीवर काचेची एक पेटी होती आणि तिच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात 'वार्ता व यश' असं लिहिलं होतं. "तुम्ही मराठीचे ना, सर?" सिस्टर म्हणाल्या, "मग आजपासून हे तुमचं."

किल्ली लागली नाही. खरी किल्ली ज्या शिपाईमामांकडे होती ते निवृत्त होऊन गावी गेले होते आणि मला मिळालेली किल्ली प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या कपाटाची निघाली. पेटीत एकच कागद होता, चहा सांडून वाळल्यासारखा पिवळा. मुलींच्या खो-खो संघाने तालुका जिंकल्याची ती ताजी बातमी होती. त्या संघाची कर्णधार तोवर आमच्याच बालवाडीत शिकवायला लागली होती. रोज सकाळी पेटीसमोरून जाताना ती नकळत पदर सारखा करायची. पुढे मी कुलूप तोडून नवा कागद लावला, त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

'वार्ता व यश' यातल्या 'व'ला काही अर्थ नाही, हे मला लवकरच कळलं. सिस्टरांचा नियम एकच होता. "सर, निगेटिव्ह काही नको." त्यामुळे माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या शाळेत यश सोडून दुसरं काहीही घडलेलं नाही. पाण्याची टाकी गळली तेव्हा पेटीत 'पाणी वाचवा' सप्ताह साजरा झाल्याचं लागलं. शाळेच्या रिक्षावाल्यांनी संप केला तेव्हा 'विद्यार्थ्यांनी चालण्याचे महत्त्व जाणले'.

अर्थात यात माझा दोष थोडा आणि मराठी बातमीचा जास्त. मराठी बातमीत कार्यक्रम नुसता होत नाही, तो 'उत्साहात संपन्न' होतो. बक्षीस हातांनी देत नाहीत, 'शुभहस्ते' देतात. ज्याला बक्षीस मिळतं त्याचं 'सर्व थरांतून अभिनंदन होत आहे', मग त्या थरांत फक्त त्याची आई आणि क्लासवाले का असेनात. आणि दहावीचा निकाल लागला की शीर्षक सुचावं लागत नाही, ते असतंच: 'यशाची उज्ज्वल परंपरा कायम'. हे शीर्षक मी एकदा जाड पुठ्ठ्यावर ऑइल पेंटने रंगवून घेतलं होतं. दर जूनमध्ये पुसून वापरायचो.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण फादर होते. आमच्या शाळेचे मॅनेजर, चर्चचे प्रमुख धर्मगुरू, माणूस इथल्याच मातीतला. घरी केळीची वाडी, त्यामुळे मोजायची सवय जन्माची. घड मोजायचा, फण्या मोजायच्या, मग बोलायचं. ते पेटीसमोर उभे राहत, चष्मा कपाळावर चढवत आणि एकच शब्द विचारत, "किती?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तो कबड्डीच्या वेळी. 'आंतरशालेय स्पर्धेत आमच्या संघाला द्वितीय क्रमांक' असं मी लाल शाईने लिहिलं होतं.

"किती संघ होते, सर?"

"दोन, फादर."

फादर काही बोलले नाहीत. नुसते मान हलवत वाडीकडे गेले. मी सिस्टरांकडे धावलो. त्या म्हणाल्या, "पण दुसरे आलो हे खरं आहे ना? मग झालं तर." त्या मंगळूरकडच्या. मराठी त्या नोकरी लागल्यावर शिकल्या, पण मराठी बातमीचा आत्मा त्यांना माझ्याआधी सापडला होता.

खेळात आमची खरी भरभराट सरकारने केली. ठाणे जिल्हा म्हणजे काय होतं ते आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातला सगळ्यात जास्त वस्तीचा जिल्हा, एक कोटी दहा लाखांच्या वर माणसं. त्यात ठाणे, कल्याण, नवी मुंबईच्या शाळा. जिल्हा पातळीवर आमची मुलं सकाळच्या गाडीने जायची आणि दुपारच्या गाडीने परत यायची. डबा पुष्कळदा परतीच्या गाडीतच उघडायचा. मग १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. एका रात्रीत ती सगळी दादा मंडळी खाडीपलीकडे राहिली आणि त्याच मुलांनी, त्याच फाटक्या बुटांत, जिल्ह्यात तिसरा नंबर काढला. मी लिहिलं, 'कठोर परिश्रमांचे फळ'. फादरांनी चष्मा वर केला. "किती तालुके राहिले आता?" म्हटलं, आठ. "बरं," ते म्हणाले, "अजून एकदा विभाजन झालं तर पहिले येऊ."

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांच्या बदलीचा हुकूम मे महिन्यात येतो. पाच-सहा वर्षं शाळा चालवलेली बाई दोन बॅगा घेऊन दुसऱ्या गावी निघते. मला याचं फार आश्चर्य वाटायचं. आम्ही एक टेबल खिडकीपासून पंख्याखाली हलवायचं तर युनियनला कळवायचो. एका सिस्टरांनी अंगणात बाग केली. दुसऱ्या आल्या, त्यांनी चिखल नको म्हणून बागेवर पेव्हर ब्लॉक घातले. तिसऱ्यांना ब्लॉकमुळे उकडू लागलं, त्यांनी त्यावर कुंड्या मांडल्या. तिन्ही वेळा माझ्या बातमीचं शीर्षक 'शाळेचे रूप पालटले' हेच होतं. माळीमामाही तिन्ही वेळा तेच होते. फक्त फोटोत ते दर वेळी थोडे आणखी वाकलेले दिसतात.

फोटोंबद्दल न बोललेलंच बरं. बक्षीस समारंभाच्या फोटोत चौदा माणसं असायची. प्रमाणपत्राला सगळ्यांचा हात लागलेला, आणि ज्याचं प्रमाणपत्र त्या मुलाचा फक्त भांग दिसायचा. असा एक फोटो मी मोठ्या हौसेने एका स्थानिक वर्तमानपत्राला पाठवला. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत आमच्या अकरा मुलांना अ श्रेणी मिळाली होती. चौथ्या दिवशी छापून आला. हातात कागद उंचावलेल्या आमच्या सिस्टर आणि बाई, आणि खाली ओळ होती, 'नियमित पाणीपुरवठ्याच्या मागणीसाठी महिलांचा मोर्चा'. सिस्टरांनी तो अंक कपाळाला हात लावून वाचला. दुसऱ्या दिवशी मात्र नळाला सकाळी दोन तास पाणी आलं. पाण्याचं आणि फोटोचं नातं मी तपासलं नाही, पण त्या महिन्यात सिस्टर मला म्हणाल्या, "सर, अजून एखादा फोटो पाठवून बघा."

आता घंटेचं. आमच्या शाळेची जुनी पितळी घंटा एका दिवाळीच्या सुट्टीत चोरीला गेली. निगेटिव्ह काही नको, म्हणून मी लिहिलं, 'शाळेत अद्ययावत इलेक्ट्रिक बेल कार्यान्वित'. फादर आले. "आणि जुनी?" मी वाईचा माणूस. शेजारच्या मेणवलीला घाटावर मी लहानपणी तासन्‌तास बसलेलो. तिथे देवळात एक मोठी घंटा आहे, तिच्यावर मरिया आणि बाळ येशूची आकृती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा मिरवत नेल्या आणि देवळांतून टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराला एक, भीमाशंकरला एक, मेणवलीला एक. आम्ही पोरं तिला दगडाने वाजवायचो. हे सगळं मी फादरांना अपराधी चेहऱ्याने सांगितलं आणि वर म्हटलं, "वसईची घंटा बाहेर जाण्याची परंपरा जुनी आहे, फादर."

फादरांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. "म्हणजे तिकडे आमची घंटा गेली, आणि बदल्यात इकडे तुम्ही आलात." जरा थांबून म्हणाले, "वाजता तुम्हीपण, पण वेळेवर नाही."

शाळेच्या अहवालात 'परिसराची भूषणे' असा एक परिच्छेद असे. त्याची सुरुवात संत गोन्सालो गार्सियांपासून व्हायची. वसईत जन्मले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले, १८६२ मध्ये संतपद मिळालं. त्यांच्या खालीच, एक ओळ सोडून, आमचा उंच उडीतला मुलगा. मधल्या चारशे वर्षांत वसईत काहीच झालं नाही असं वाटू नये म्हणून मी फादर स्टीफन्सना आणायचो. तो इंग्लंडचा माणूस गोव्यात येऊन मराठी शिकला आणि ख्रिस्तपुराणाच्या सुमारे अकरा हजार ओव्या लिहून मोकळा झाला. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. हे मी नववीच्या वर्गातही सांगायचो, कारण त्या वर्गाला दहा ओळींचा निबंध जड जायचा. एका मुलाने हात वर केला. "सर, त्यांना मराठी कम्पल्सरी होतं का?"

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाल्याची बातमी आली. त्र्याण्णवावं संमेलन, उस्मानाबादला, आणि अध्यक्ष आमच्या वसईचा धर्मगुरू. मला आनंदाने काही सुचेना. 'सुवार्ता' मासिक त्यांच्या संपादनाखाली वर्षानुवर्षं आमच्या स्टाफरूममध्ये येई आणि शुद्धलेखनाच्या वादात मी तेच पुरावा म्हणून आपटत असे. सिस्टर धावत आल्या. "सर, ते आपले माजी विद्यार्थी?" नाही. "इथे शिकवलं कधी?" नाही. "आपल्याकडून काही तरी असेल ना?" मी म्हटलं, त्यांच्या मासिकाची वर्गणी आपण वेळेवर भरतो. तेवढ्या आधारावर पेटीत अर्धं पान लागलं. या वेळी मात्र फादरांनी "किती" विचारलं नाही. तो कागद त्यांनी दोनदा वाचला आणि वाकडी लागलेली टाचणी काढून स्वतः सरळ लावली.

निकालाचं मात्र ते सोडत नसत. २०१९ मध्ये दहावीचे तोंडी परीक्षेचे गुण गेले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० वर आला. आमचाही घसरला. पुठ्ठा बाहेर काढू की नको, या विचारात मी दोन दिवस काढले. शेवटी 'उज्ज्वल'वर चिकटपट्टी लावून टांगला. पुढच्या वर्षी टाळेबंदीत भूगोलाचा पेपरच रद्द झाला, राज्य ९५.३० वर गेलं, चिकटपट्टी निघाली. आणि मग आलं २०२१. परीक्षाच नाही. नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यावर निकाल, राज्याचा ९९.९५ टक्के. आमची शाळा शंभर. इतिहासात पहिल्यांदा.

मास्क लावलेले फादर पेटीसमोर उभे राहिले.

"परीक्षेला बसले किती?"

"कुणीच नाही, फादर."

"आणि पास?"

"सगळे."

ते बराच वेळ गप्प होते. "काना गावच्या लग्नात प्रभूंनी पाण्याचा द्राक्षारस केला," शेवटी म्हणाले, "पण तिथे निदान पाणी तरी होतं."

या सगळ्यात एक गोष्ट मी लिहिली नाही, ती राहून गेली. एका वर्षी क्रीडादिनाला पाहुणे दीड तास उशिरा आले. बँडवाल्या मुलांनी तीच धून सात वेळा वाजवली. क्रीडाज्योत घेऊन धावणारा मुलगा आठवीतला, काटकुळा, त्याला कधीच कशात नंबर आलेला नव्हता. धावायला कोणी तयार नव्हतं म्हणून ज्योत त्याच्याकडे आली होती. पाहुणे फाटकात शिरले आणि नेमका समुद्रावरून वारा आला. ज्योत विझली. काडेपेटी कुणाकडे नाही, कारण शाळेत काडेपेटी सापडली की पालकांना बोलावतात. सिस्टर माझ्याकडे, मी पीटीच्या सरांकडे, पीटीचे सर आकाशाकडे. तोवर हा पोरगा उलट्या दिशेने धावत सुटला, फाटकाबाहेर. वडापाववाल्याच्या पेटत्या स्टोव्हमध्ये त्याने मशाल घातली आणि बँडच्या तालावर, अगदी पाय उचलून, मैदानाला पूर्ण फेरी मारली. मशालीला बेसनाचा वास येत होता. पाहुणे भाषणात म्हणाले, ही ज्योत पाहून त्यांना ऑलिंपियाची आठवण झाली.

मी लिहिलं, 'मान्यवरांच्या उपस्थितीत क्रीडाज्योत प्रज्वलित करण्यात आली.'

"कोणी केली?" फादरांनी विचारलं. या वेळी "किती" नव्हतं. मी म्हटलं, कर्मणी प्रयोग आहे फादर, त्यात कोणी केली ते सांगावं लागत नाही. "आमच्या पापकबुलीच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला चौथं एक असतं, सर," ते म्हणाले. "जे करायला हवं होतं आणि केलं नाही, ते. तुमचं सगळं व्याकरण त्या चौथ्यात बसतं." दुसऱ्या दिवशी मी कागद बदलायला गेलो, तर किल्ली सापडेना. नव्या कुलपाची. ती आठ महिन्यांनी सांगाड्याच्या कपाटात सापडली. तोवर त्या मुलाने शाळा बदलली होती आणि पेटीत इंटरमिजिएटचा निकाल लागला होता.

२०२४ मध्ये मी अठ्ठावन्न पूर्ण केली. निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणांत माझ्या सगळ्या चुकांना 'साधेपणा' म्हटलं गेलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर संकोचून म्हणाल्या, "सर, बातमी कोण लिहिणार? नवीन सर अजून यायचेत." तेव्हा माझ्या निवृत्तीची बातमी मीच लिहिली आणि मीच पेटीत लावली. 'सरांचा निरोप समारंभ हृद्य वातावरणात संपन्न. उपस्थितांना अश्रू अनावर.'

फादर आता काठी घेऊन चालत. पेटीपाशी थांबले. चष्मा कपाळावर गेला.

"किती जण रडले, सर?"

"एक, फादर."

"कोण?"

"मावशी. जेवणासाठी कांदे चिरत होत्या."